अमेरिका म्हणजे फक्त व्हाइट हाऊस नाही

संपादक महोदय, नमस्कार.

आपल्याकडे अमेरिकेची बातमी म्हणजे राष्ट्राध्यक्ष आज काय बोलले एवढंच असतं, पण तिथल्या माणसाचं रोजचं बरंचसं जगणं राज्य सरकारच्या हातात असतं, म्हणजे शाळा, ड्रायव्हिंग लायसन्स, फाशीची शिक्षा ठेवायची की नाही आणि निवडणूकसुद्धा, कारण आपल्यासारखा देशभर मतदान घेणारा एकच आयोग तिथे नाहीये, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. २००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश हे अल गोर यांच्यापेक्षा अवघ्या ५३७ मतांनी पुढे होते, सुप्रीम कोर्टाने फेरमोजणी थांबवली आणि देशभरात गोर यांना जास्त मतं असूनही बुश राष्ट्राध्यक्ष झाले, कारण तिथे निकाल देशभरच्या एकूण मतांवर नाही, तर राज्याराज्यांतल्या निकालावर ठरतो!

सिनेटचं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचं, तर मला अजिबात पटत नाही. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या जवळपास ४ कोटी, वायोमिंगची ६ लाखांच्या आत, तरी दोघांचे सिनेटर दोन-दोनच. आपल्या राज्यसभेत निदान महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ असा फरक तरी आहे. उलट तिथला गव्हर्नर लोक थेट निवडून देतात हे मला आवडतं, आपल्या राज्यपालांसारखा तो दिल्लीतून नेमलेला नसतो. नेब्रास्कात तर विधिमंडळाचं सभागृहच एक, ४९ सदस्यांचं, आणि मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षच लिहिलेला नसतो.

आज कितीतरी मराठी घरांतली मुलं न्यू जर्सी, टेक्सासमध्ये राहतायत, तेव्हा तिथल्या राज्यांच्या राजकारणावर आठवड्यातून एक तरी सदर सुरू करा ही मनापासून विनंती.

– आपला एक नियमित वाचक, ठाणे