मुंगीखाऊ मागासलेला नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील दक्षिण अमेरिकेच्या वन्यजीवांवरची लेखमाला मी नियमित आणि आवडीने वाचतो. महाकाय मुंगीखाऊवरील गेल्या रविवारच्या लेखात मात्र दोन विधाने अशी आहेत, जी आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला वाचून सोडून देता येत नाहीत. पहिले विधान असे, की हा प्राणी ‘उत्क्रांतीच्या शर्यतीत मागे राहिलेला, दातसुद्धा न फुटलेला, मंद आणि सुस्त’ आहे. दुसरे असे, की आपल्या कोकणातले खवले मांजर हा त्याचाच भाऊबंद होय. दोन्ही समज बरेच जुने आहेत. एके काळी ते पाठ्यपुस्तकांतही होते, त्यामुळे लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु आज उपलब्ध असलेला पुरावा या दोन्ही समजांच्या विरुद्ध जातो.

दातांपासूनच सुरुवात करतो. मुंगीखाऊला दात नाहीत हे खरे, पण ते फुटले नाहीत असे म्हणणे आणि ते गेले असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. दातांवरचे कठीण इनॅमल तयार होण्यासाठी सस्तन प्राण्यांच्या शरीरात इनॅमेलिन नावाचे एक प्रथिन लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दात नसलेल्या आणि दातांवर इनॅमल नसलेल्या सस्तन प्राण्यांमध्ये या प्रथिनाचे जनुक तपासण्यात आले. मुंगीखाऊमध्ये ते जनुक आजही जागेवर आहे. फक्त त्यात इतके बिघाड साचले आहेत की त्यापासून उपयोगी प्रथिन बनू शकत नाही. दंतहीन देवमासे आणि खवले मांजर यांच्यातही हेच आढळले. म्हणजे मुंगीखाऊचे पूर्वज दात असलेले होते, आणि चावण्याची गरज संपल्यावर पुढच्या पिढ्यांचे दात गेले. पायरी चढायची राहून गेलेल्या प्राण्याच्या जनुकांत असे अवशेष सापडले नसते.

दात गेले त्या जागी काय आले, हे पाहण्यासारखे आहे. महाकाय मुंगीखाऊची जीभ सुमारे ६० सेंटिमीटर लांब असते आणि तिचे स्नायू थेट छातीच्या हाडापर्यंत जाऊन बसलेले असतात. मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा ती आतबाहेर होते. इतक्या वेगात प्रत्येक वेळी जबडा उघडमीट करणे शक्यच नाही, म्हणून खालच्या जबड्याचे दोन अर्धे भाग आपापल्या लांबीच्या आसाभोवती किंचित फिरतात आणि तेवढ्या हालचालीने जिभेला वाट मिळते. तोंडाचे छिद्र अगदी लहान असते. लाळग्रंथी मात्र एवढ्या मोठ्या असतात, की त्या मानेतून खाली छातीपर्यंत पसरलेल्या असतात. चिकट लाळेने माखलेल्या जिभेला चिकटून आलेल्या मुंग्या आणि वाळवी न चावताच गिळल्या जातात, आणि चावण्याचे काम जठराच्या जाड स्नायूंवर सोपवलेले असते. या सगळ्याला अविकसित म्हणायचे असेल, तर विकसित कशाला म्हणावे, असा प्रश्न मला पडतो.

आता मंदपणाविषयी. मुंगी हे अन्न विपुल असले तरी त्यात सत्त्व थोडे आणि तोट्याचा भाग फार असतो. कठीण कवच, पोटात जाणारी माती, आणि त्यावर चावे आणि रसायने. एकेक किडा म्हणजे नगण्य ऊर्जा, आणि प्रौढ महाकाय मुंगीखाऊचे वजन तीस-चाळीस किलो किंवा त्याहूनही अधिक असते. हा हिशेब जुळवण्याचे मार्ग दोनच: मिळकत वाढवणे किंवा खर्च कमी करणे. मुंगीखाऊने दोन्ही केले. दिवसाला तीस हजारांपर्यंत किडे तो खाऊ शकतो. त्याच वेळी त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे सस्तन प्राण्यांत अतिशय कमी असते आणि त्याचा चयापचयही त्याच्या आकारमानाच्या इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत संथ असतो. ब्रायन मॅकनॅब या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९८४ साली दाखवून दिले, की मुंग्या-वाळवीवर जगणाऱ्या, पण एकमेकांशी नाते नसलेल्या निरनिराळ्या सस्तन प्राण्यांतही हीच काटकसर दिसते. मंदपणा ही त्या आहाराची अट आहे, प्राण्याच्या बुद्धीची किंवा वंशाची उणीव नव्हे.

ही काटकसर त्याच्या दिनक्रमातही उतरलेली दिसते. ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशातील निरीक्षणे सांगतात, की उकाड्याच्या दिवसांत तो रात्री हिंडतो आणि थंडी पडली की दिवसा बाहेर पडतो. ऊन किंवा गारवा असह्य झाला तर तो झाडीच्या राईत शिरतो, कारण तिथे तापमानाचे चढउतार कमी असतात. झोपताना जमिनीत उथळ खळगा करून तो अंगावर आपली झुबकेदार शेपटी ओढून घेतो, घोंगडी घ्यावी तशी. चालताना पुढच्या पायांची लांब नखे आत दुमडून बोटांच्या सांध्यांवर भार देतो, म्हणून त्याची चाल आपल्याला लंगडी आणि ओबडधोबड वाटते; पण ती नखे झिजली तर वारूळ फोडायचे कशाने? त्याच नखांचा वार जॅग्वारलाही जड जाऊ शकतो. कुत्र्यांनी घेरल्यावर बिथरलेल्या मुंगीखाऊच्या हल्ल्यात शिकारी दगावल्याची ब्राझीलमधील उदाहरणे २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहेत. ‘सुस्त’ म्हणून त्याच्या जवळ जाण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

वारुळावर तो थांबतो तेही अगदी थोडा वेळ, बहुधा मिनिटभर किंवा त्याच्या आसपास. वारूळ फुटताच आतील सैनिक बाहेर येऊ लागतात, आणि काही जातींच्या वाळवीचे सैनिक डोक्यावरील नळीसारख्या अवयवातून चिकट, दाहक द्रव फवारतात. पनामातील बारो कोलोराडो बेटावर तमांडुआ नावाच्या, झाडावर चढणाऱ्या लहान मुंगीखाऊचा अभ्यास करणाऱ्या लुबिन आणि माँटगोमेरी यांनी १९८१ साली हीच गोष्ट मांडली: वाळवीच्या सैनिकांचा बचाव भक्षकाला लवकर उठवून लावतो. परिणामी वारूळ उद्ध्वस्त होत नाही, वसाहत सावरते आणि तोच प्राणी पुन्हा कधीतरी तिथे येऊ शकतो. हा त्याचा संयम नव्हे, हे मान्य. तरीही आपल्या इलाक्यातले अन्न संपवून न टाकणारा भक्षक मागासलेला कसा ठरतो, हे मला कळलेले नाही.

मुंगीखाऊच्या खऱ्या नातेवाइकांकडे पाहिले, की हाच धागा पुढे जातो. झाडाला उलटे लटकणारा स्लॉथ आणि चिलखती आर्मडिलो हे त्याचे सोयरे. पैकी स्लॉथ अधिक जवळचा. स्लॉथ आणि मुंगीखाऊ यांच्या वाटा पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. या संपूर्ण समूहाच्या पाठीच्या कण्यात मणक्यांमधले जादा सांधे आढळतात, आणि चयापचयाची काटकसर तर सर्वांतच आहे. स्लॉथने पाने हे निकृष्ट अन्न पत्करले. ते पचायला कित्येक दिवस लागतात, आणि तीन बोटांचा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदाच शौचासाठी झाडावरून खाली येतो. नऊ पट्ट्यांच्या आर्मडिलोची मादी एकाच फलित अंड्यापासून चार एकसारखी पिल्ले देते. त्याचे शरीर थंड असते, आणि या थंडपणाचा संबंध आपल्या राज्यातील वाचकांना परिचित असलेल्या एका आजाराशी येतो. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर वाढत नाही आणि माणसाच्या शरीरातही त्वचा, नाक, कानाची पाळी अशा तुलनेने थंड भागांना तो पसंती देतो. १९७१ साली किर्शहायमर आणि स्टॉर्स यांनी आर्मडिलोच्या शरीरात तो वाढवून दाखवला आणि कुष्ठरोगाच्या संशोधनाला पुरेसे जंतू मिळण्याची सोय झाली. पुढे २०११ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात जंगली आर्मडिलोकडून माणसालाही हा संसर्ग होत असल्याचे दिसून आले, ही त्याची दुसरी बाजू.

दुसरा मुद्दा खवले मांजराचा. लेखकाने त्याला मुंगीखाऊचा भाऊबंद म्हटले, त्यामागे फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्युव्हिए याच्या काळापासून चालत आलेले वर्गीकरण आहे. मुंगीखाऊ, स्लॉथ, आर्मडिलो, खवले मांजर आणि आफ्रिकेतील आर्डवार्क या सर्वांना दात नसलेले किंवा अपुऱ्या दातांचे म्हणून एकाच गणात टाकले जाई. डीएनएच्या तुलनेने ही मोट सुटली. खवले मांजर कुत्रा, मांजर, अस्वल अशा मांसाहारी प्राण्यांच्या गणाला सर्वांत जवळचे निघाले. आर्डवार्क हत्ती असलेल्या आफ्रिकी शाखेत गेला. मुंगीखाऊ मात्र दक्षिण अमेरिकेच्या त्याच जुन्या शाखेत राहिला. लांब जीभ, लांब तोंड, दातांचा लोप आणि भक्कम नखे या गोष्टी मुंगीखाऊ आणि खवले मांजर या दोन वेगवेगळ्या वंशांनी स्वतंत्रपणे मिळवल्या आहेत. एवढेच नव्हे, तर कीटकांचे कवच पचवणारी विकरे तयार करतानाही या दोघांनी एकाच जनुकसमूहातील वेगवेगळ्या जनुकांवर भर दिल्याचे अलीकडील संशोधन सांगते. मला विचाराल तर भाऊबंदकीपेक्षा हे सत्य कितीतरी अधिक रंजक आहे, आणि लेखमालेत त्याला जागा मिळायला हवी होती.

‘शर्यतीत मागे राहिलेला’ या शब्दप्रयोगामागे आणखी एक गृहीतक दडलेले असते. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी तयार झाल्यावर उत्तरेकडचे ‘प्रगत’ प्राणी दक्षिणेत आले आणि तिथल्या ‘मागास’ प्राण्यांना त्यांनी हटवले, अशी ती कथा. पण वाहतूक दुहेरी होती. भूचर स्लॉथ उत्तरेत अलास्कापर्यंत पोहोचले, आर्मडिलो आजही उत्तर अमेरिकेत पसरत आहे, आणि महाकाय मुंगीखाऊच्या वंशाचे जीवाश्म मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातील एल गोल्फो येथे, म्हणजे आजच्या त्याच्या वस्तीच्या कितीतरी उत्तरेला मिळाले आहेत. मेगाथेरियम हा हत्तीएवढा स्लॉथ आणि आर्मडिलोच्या कुळातील ग्लिप्टोडॉन हे मोठे नातेवाईक नाहीसे झाले, तेव्हा उत्तरेकडील मॅमथसारखे अनेक महाकाय प्राणीही नाहीसे झाले. जे उरले त्यांना पराभूत म्हणण्याला आधार नाही.

या चर्चेला व्यवहारातही महत्त्व आहे. महाकाय मुंगीखाऊची मादी सुमारे सहा महिन्यांच्या गर्भधारणेनंतर एकच पिल्लू देते आणि ते कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडते. संथ चयापचयाला हीच संथ वीण शोभते. पण ब्राझीलमधील सेराडोच्या गवताळ प्रदेशात सोयाबीन, ऊस आणि निलगिरीची लागवड वाढली, रस्ते रुंद झाले आणि वणवे वरचेवर पेटू लागले, की या प्राण्याच्या मरण्याचा वेग वाढतो आणि जन्माचा वेग तोच राहतो. १९९४ साली ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातील आगीत मुंगीखाऊ मोठ्या संख्येने मेले. मातो ग्रोसो दो सुल राज्यातील महामार्गांवर वाहनांखाली सापडणाऱ्या मुंगीखाऊंचा आर्नो देबिएझ यांच्या गटाने कित्येक वर्षे अभ्यास चालवला आहे. धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत मुंगीखाऊ असुरक्षित वर्गात आहे. लेखात ‘असे मंद प्राणी आज ना उद्या नष्ट होणारच’ असे वाक्य आहे, तेवढेच मला सर्वांत खटकले. वाहनाच्या चाकाखाली येणे हा चयापचयाचा दोष नव्हे. अर्जेंटिनातील इबेरा पाणथळीत २००७ पासून अनाथ आणि बंदिवासातील मुंगीखाऊ सोडण्यात आले, तिथे ते स्थिरावले आणि त्यांची वीणही होत आहे.

लेखमालेच्या पुढील भागात आपल्याकडील खवले मांजराशी तुलना येणार असल्याचे लेखाच्या अखेरीस म्हटले आहे. तो भाग छापण्यापूर्वी नात्याविषयीचे वाक्य दुरुस्त करावे, आणि शक्य झाल्यास गेल्या रविवारच्या लेखातील दोन्ही विधानांचा खुलासा त्यासोबत एका चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा