झेरॉक्सला सरसकट नकार कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या पुस्तकातील चार पानांची झेरॉक्स ग्रंथालयाने ‘कॉपीराइट’चे कारण सांगून नाकारली, अशी एका वाचकाची तक्रार याच सदरात वाचली. माझी बरीच वर्षे देवघेव आणि संदर्भ विभागांत गेली असल्यामुळे काउंटरपलीकडे बसलेल्या माणसाची अडचणही मला ठाऊक आहे. ‘नाही म्हणा’ एवढेच त्याला सांगितलेले असते, का म्हणायचे ते सांगितलेले नसते. दुसरीकडे, वाचनकक्षात बसून कोणी अख्खे पुस्तक मोबाइलवर पानोपान टिपून त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकत असेल, तर तिकडे कोणाचे लक्षही जात नाही. वाचकाला नको तिथे अडवणे आणि हवे तिथे न अडवणे, या दोन्ही गोष्टी प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, प्राथमिक माहिती नसल्यामुळेच घडतात.

पुस्तकाची प्रत आणि पुस्तकावरचा हक्क या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, इथून सुरुवात करावी लागते. विकत घेतलेली प्रत ग्रंथालयाच्या मालकीची होते, म्हणूनच ती सभासदाला देता येते, बाद करता येते, रद्दीतही विकता येते. मात्र तिच्यावरून नवी प्रत काढण्याचा हक्क त्या खरेदीत आलेला नसतो. हस्तलिखिते आणि पत्रव्यवहार यांच्या बाबतीत हा फरक हमखास विसरला जातो. एखाद्या लेखकाला आलेल्या पत्रांचे गाठोडे त्याचे कुटुंबीय ग्रंथालयाला भेट देतात, आपण आभाराचे पत्र पाठवतो आणि ती पत्रे आता आपली झाली असे समजून संकेतस्थळावर चढवायला घेतो. कागद आपला झाला हे खरे. पण मजकुराचा हक्क पत्र ज्याला आले त्याच्याकडे कधीच नव्हता, तो पत्र लिहिणाऱ्याचा होता, तेव्हा देणगीदार जे देऊच शकत नव्हता ते आपल्याला मिळणार कसे? इंग्लंडमधील न्यायालयाने कवी अलेक्झांडर पोप विरुद्ध प्रकाशक कर्ल या खटल्यात हा भेद १७४१ साली सांगितला, तरी देणगीच्या छापील नमुन्यांत त्याचा मागमूस क्वचितच दिसतो.

या हक्काच्या मुदतीच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच तोंडावर आपटलो आहे. एका परदेशी कादंबरीची दोन प्रकरणे एका वाचकाला हवी होती. मूळ लेखकाला जाऊन शंभर वर्षे होऊन गेली होती, म्हणून मी बेधडक ‘खुशाल घ्या, हक्क कधीच संपला’ असे सांगून टाकले. शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूला अनुवादकाचे नाव होते आणि अनुवादक हयात होते. अनुवाद, प्रस्तावना, चित्रे यांवर ज्याचा त्याचा स्वतंत्र हक्क असतो आणि प्रत्येकाची मुदत निराळी मोजावी लागते. त्यातही देशागणिक फरक आहे. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे संरक्षण द्यावे लागते, भारतात ते ६० वर्षे आहे आणि युरोपीय संघात ७०. म्हणजे १९६४ साली निधन पावलेल्या लेखकाचे पुस्तक भारतात १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले, युरोपात मात्र ते २०३५ उजाडेपर्यंत बंधनातच राहील. पुस्तक बाजारात मिळेनासे झाले की हक्कही संपला, हा तर सार्वत्रिक गैरसमज आहे. छपाई थांबली म्हणून मुदत थांबत नाही.

आता वाचकाच्या बाजूने. कायद्याने ग्रंथालयांना सवलती दिलेल्या आहेत आणि त्या न वापरणे ही काही सावधगिरी नव्हे. खासगी अभ्यासासाठी व संशोधनासाठी उचित प्रमाणात नक्कल करण्यास भारतीय कायदा मुभा देतो, त्यामुळे त्या चार पानांना नकार द्यायला मला तरी काही आधार दिसत नाही. किती पाने चालतील, हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला असेल. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात १० टक्के किंवा एक प्रकरण असे माप लिहिलेले आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यात असा आकडाच नाही, तरी आपल्याकडे ‘१० टक्क्यांचा नियम’ कायद्याचे कलम असल्यासारखा सांगितला जातो. जे पुस्तक देशात विक्रीला उपलब्धच नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी काढू शकते. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर, मुद्रित प्रत आपल्या संग्रहात असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवताही येते. कडा तपकिरी होऊन हात लावताच पापडासारखी मोडणारी पाने ज्यांनी उलटली आहेत, त्यांना या सवलतीचे मोल सांगायला नको. जतन आणि वाटप यांत मात्र गल्लत नको. साठवायला परवानगी आहे, म्हणून ती फाइल संकेतस्थळावर सर्वांना खुली करता येत नाही.

दृष्टिहीन वाचकांविषयी तर शंकेला जागाच राहिलेली नाही. त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करून देण्यासाठी २०१३ साली माराकेश करार झाला आणि त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. असे असूनही स्क्रीन रीडरवर ऐकता येईल अशी प्रत मागणाऱ्याला ‘प्रकाशकाची परवानगी आणा’ असे सुनावल्याचे मी पाहिले आहे.

ई-पुस्तकांचे प्रकरण निराळे आणि माझ्या मते अधिक काळजीचे आहे. तिथे ग्रंथालय बहुधा प्रत विकत घेतच नाही, ठरावीक काळासाठी परवाना घेते, आणि छापील पुस्तकाबाबत कायद्याने जे सहज मिळते ते करारातील एखाद्या कलमाने काढून घेतले जाऊ शकते. आपल्याकडील छापील प्रत स्कॅन करून एका वेळी एकालाच वाचायला द्यावी, हा मार्गही अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०२४ साली इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाच्या खटल्यात अमान्य केला. तो निकाल इतर देशांवर बंधनकारक नाही. तरीही करारावर सही करण्यापूर्वी तो शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचे काम लेखापालावर न सोडता ग्रंथपालाने स्वतः करावे.

ग्रंथालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की झेरॉक्स यंत्रावरची ‘कॉपीराइटमुळे प्रती मिळणार नाहीत’ ही पाटी उतरवावी आणि तिच्या जागी कशाला, किती आणि कोणत्या कामासाठी प्रत मिळेल हे लिहावे. जुन्या पुस्तकांच्या नोंदीत लेखक व अनुवादक यांच्या मृत्यूच्या वर्षासाठी एक रकाना आणि देणगीच्या नमुन्यात ‘मजकुराचे हक्क कोणाकडे आहेत?’ ही एक ओळ वाढवावी. या दोन्हींसाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल