‘८५ टक्के साम्य’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘संगणकाने शोधलेला नवा रेणू अमुक औषधाशी ८५ टक्के जुळतो’ अशी वाक्ये विज्ञानाच्या बातम्यांत हल्ली सर्रास वाचायला मिळतात. वाचकाला वाटते, रक्तातल्या साखरेसारखे हे मोजून आलेले माप आहे. तसे ते नाही. रेणू कसा लिहिला, त्याचे तुकडे कसे पाडले आणि सूत्र कोणते लावले, यावर हा आकडा ठरतो. या तीन गोष्टी न सांगता छापलेल्या ८५ वरून काहीच कळत नाही.

रेणू गणितात बसवण्याची मूळ युक्ती जुनी आहे. अणू म्हणजे बिंदू, बंध म्हणजे रेषा, हायड्रोजन वगळायचे. आर्थर केली यांनी १८७५ मध्ये याच रीतीने अल्केनचे (फक्त एकेरी बंध असलेल्या कार्बन-हायड्रोजन साखळ्यांचे) समघटक, म्हणजे अणू तेच पण जोडणी वेगळी असलेले रेणू, मोजले (१२ आणि १३ कार्बनपाशी त्यांचीही मोजणी चुकली, बरोबर आकडे ३५५ आणि ८०२). पुढे १९४७ मध्ये हॅरी वीनर यांनी कार्बनच्या प्रत्येक जोडीत किती बंधांचे अंतर आहे ते मोजून सगळ्यांची बेरीज घेतली. पेंटेनच्या तीन समघटकांत ही बेरीज येते २०, १८ आणि १६. त्यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे सुमारे ३६, २८ आणि ९.५ अंश सेल्सिअस. छान जुळते. पण ७ कार्बनवर गेलो की गडबड होते. ३-इथाइलपेंटेनमध्ये मधल्या एका कार्बनला दोन-दोन कार्बनचे तीन फाटे असतात. मधल्यापासूनची अंतरे ९, प्रत्येक फाट्याच्या आतली मिळून ३ आणि एका फाट्यातून दुसऱ्यात जाणारी ३६, एकूण ४८. आता २,४-डायमिथाइलपेंटेन कागदावर मांडून पाहा, तिथेही ४८च येतात. प्रत्यक्षात पहिला उकळतो साधारण ९३ अंशांना, दुसरा ८० ला. अख्ख्या रेणूचा एकच आकडा केला की वेगवेगळे रेणू एका खणात पडणारच.

म्हणून आज एका आकड्याऐवजी बिट्सची (० किंवा १ अशा खुणांची) लांबलचक रांग वापरतात, तिला फिंगरप्रिंट म्हणतात. सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकाराचे मूळ एच. एल. मॉर्गन यांच्या १९६५ च्या पद्धतीत आहे. प्रत्येक अणूला मूलद्रव्य, बंध आणि हायड्रोजन पाहून एक क्रमांक द्यायचा, मग त्यात शेजाऱ्यांचे क्रमांक मिसळायचे, मग शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांचे. बहुधा दोन फेऱ्यांवर थांबतात आणि आलेले सगळे क्रमांक १०२४ किंवा २०४८ जागांत दुमडून बसवतात; ज्या जागी क्रमांक पडेल तो बिट १ होतो, म्हणजे पेटतो. दुमडताना दोन निराळे तुकडे एकाच जागेवर येऊ शकतात. मोठ्या रेणूंसाठी १०२४ जागा अपुऱ्या वाटतात त्या याच कारणाने. मग येतो साम्य मोजणारा टॅनिमोटो गुणांक: दोघांत समान पेटलेले बिट भागिले दोघांचे मिळून पेटलेले बिट. एका रेणूचे ४० बिट पेटलेले, दुसऱ्याचे ५०, दोघांत समान ३५, तर ३५ भागिले (४० + ५० − ३५), म्हणजे ०.६४.

चुका बहुतेक या भागाकाराच्या आधीच होतात. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे औषध बाजारात बेसिलेट क्षाराच्या रूपात असते. फाइलमधून बेन्झीनसल्फोनेट (बेसिलेट म्हणजे हेच) काढून टाकले नाही तर त्याचे बिटही मोजले जातात, आणि बेसिलेट असलेली दोन असंबंधित औषधे उगाच एकमेकांजवळ सरकतात. टॉटोमरचेही (एका हायड्रोजनची जागा बदलून एकमेकांत रूपांतर होणाऱ्या रूपांचेही) तसेच: एकाने २-हायड्रॉक्सिपिरिडीन काढले, दुसऱ्याने तोच पदार्थ २-पिरिडोन म्हणून काढला, तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे रेणू. क्षार काढणे, विद्युतभार एकसारखे करणे, टॉटोमरचे एकच रूप ठरवणे हे कंटाळवाणे काम आहे. त्यामुळे तेच गाळले जाते.

उलट दिशेची चूक जास्त घातक. नेहमीच्या मांडणीत हे फिंगरप्रिंट त्रिमितीय रचना पाहतच नाही. खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि त्याची आरशातली प्रतिमा असलेले लेव्होमेथॉर्फन यांचे साम्य पूर्ण १.० येते. दुसरे मात्र तीव्र अफूसदृश वेदनाशामक आहे, नियंत्रित यादीतले. किरॅलिटी (रेणूचे डावे-उजवेपण) विचारात घेण्याचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

आता त्या ८५ विषयी. ०.८५ ही सीमा रूढ झाली ती डेलाइट नावाच्या वेगळ्या फिंगरप्रिंटवरून. त्याच जोडीला मॉर्गन पद्धतीत सहसा बराच कमी आकडा मिळतो, त्यामुळे सीमा उचलून तिकडे लावता येत नाही. आणि मूळ जागी तरी ती काय सांगते? अ‍ॅबट कंपनीच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की क्रियाशील (जैविक चाचणीत परिणाम दाखवणाऱ्या) रेणूशी ०.८५ किंवा अधिक साम्य असलेल्यांपैकी जेमतेम ३० टक्के स्वतः क्रियाशील निघतात. आंधळेपणाने रेणू उचलण्यापेक्षा हे पुष्कळच बरे, पण ‘औषध सापडले’ म्हणण्याइतके नाही.

या साम्यावरून रेणूंचे गट पाडण्यातही असेच खाचखळगे आहेत. बुटिना पद्धतीत (१९९९) ज्या रेणूला ठरलेल्या अंतरात सर्वाधिक शेजारी, तो गटाचा केंद्र. तो गट बाजूला काढून उरलेल्यांतून पुढचा. १०,००० रेणूंसाठी सुमारे ५ कोटी जोड्या तपासाव्या लागतात, १ लाखासाठी ५०० कोटी. शेजाऱ्यांची संख्या सारखीच असलेले दोन रेणू आले तर फाइलमध्ये जो आधी तो जिंकतो, म्हणून ओळींचा क्रम बदलला की गटही बदलू शकतात. शिवाय ज्यांचे शेजारी आधीच्या गटाने पळवले ते विनाकारण एकटे पडतात. त्यांना शेवटी जवळच्या केंद्राकडे परत पाठवावे लागते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पांत रेणूंचे गुणधर्म ओळखायला शिकवलेल्या संगणकाची ‘अचूकता ९५ टक्के’ असे लिहिलेले दिसले तर परीक्षकांनी आधी विचारावे की चाचणीचे रेणू वेगळे कसे काढले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले असतील तर एकाच सांगाड्याची भावंडे शिकवणीतही असतात आणि परीक्षेतही. बेमिस आणि मर्को यांच्या १९९६ च्या रीतीने बाजूच्या साखळ्या छाटून वलये व त्यांना जोडणारे दुवे तेवढे ठेवावेत, आणि पूर्ण सांगाडाच एका बाजूला घालावा. आरडीकिट या मोफत संचात हे काही ओळींत होते. अचूकता बहुतेक वेळा घसरते, आणि छापायचा आकडा तोच.

– रसायनशास्त्राचा एक अध्यापक, पुणे