बॉयलरचा दाब वारंवार उतरत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याशी आमचा सगळा व्यवहार मराठीतच झाल्यामुळे ही तक्रारही मराठीतच लिहीत आहे. इंग्लंडमधील स्लाऊ येथील आमच्या घरातील कॉम्बी बॉयलरचा (घर उबदार ठेवणाऱ्या व नळाला गरम पाणी देणाऱ्या गॅसवरील यंत्राचा) पाण्याचा दाब उतरतो म्हणून आपला इंजिनिअर महिनाभरात तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा त्याने बॉयलरखालच्या फिलिंग लूपचे (बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या जोडनळीचे) नळ उघडून दाबमापकाचा काटा दीड बारवर (बार हे दाबाचे एकक) आणला आणि ९० पौंडांचे बिल हातात ठेवले. एवढे काम मलाही येते.

तिसऱ्या वेळी तर जमिनीखालच्या पाइपात गळती असावी असे सांगून त्याने बैठकीच्या खोलीतील लाकडी फळ्या उचकटण्याचा सल्ला दिला. वास्तविक हीटिंग सुरू करून तो अर्धा तास थांबला असता, तर दीडवर असलेला काटा तीन बारला भिडतो आणि बॉयलर गार झाल्यावर शून्याजवळ येतो, हे त्यालाही दिसले असते. बाहेरच्या भिंतीतून निघणाऱ्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला मी रात्री प्लास्टिकची पिशवी बांधली. सकाळी तीत पेलाभर पाणी साठले होते. म्हणजे दाब फार वाढल्यावर पाणी बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी जात आहे.

तापल्यावर फुगणारे पाणी सामावून घेण्याचे काम एक्स्पान्शन व्हेसल या बॉयलरच्या बंद भांड्यातील हवेचे असते. ती हवा निघून गेली असावी किंवा आतला रबरी पडदा फाटला असावा, असा माझा तर्क आहे. व्हेसलच्या व्हॉल्व्हची पिन दाबून हवा येते की पाणी, एवढे पाहिले असते तरी बरेच कळले असते. बॉयलरचे झाकण ‘गॅस सेफ’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसानेच उघडावे म्हणून मी हात लावला नाही, आणि पैसे मोजतो ते त्यासाठीच. शिवाय वरचेवर नवे पाणी भरल्यामुळे आतील गंजरोधक द्रव पातळ होऊन रेडिएटर गंजण्याची भीती आहे, ती वेगळीच.

तरी १४ दिवसांत जाणकार इंजिनिअर पाठवून व्हेसल तपासावे, पडदा शाबूत असल्यास हवा भरावी, नसल्यास व्हेसल बदलावे, गळका सेफ्टी व्हॉल्व्ह बदलावा आणि गंजरोधक द्रव पुन्हा घालावा. सेवा वाजवी काळजीने व कौशल्याने देणे ‘कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट, २०१५’ या ब्रिटनच्या ग्राहक हक्क कायद्यानुसार आपल्यावर बंधनकारक असल्याने दुसऱ्या व तिसऱ्या भेटीचे १८० पौंड परत मिळावेत. तिन्ही बिले आणि काट्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,
आपला ग्राहक