‘अर्धसत्य’चा शेवट उचलला, कोठडी मात्र वगळली

महोदय,

पोलिसपटांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ‘जंजीर’वरून लेखकाने जवळजवळ थेट ‘सिंघम’वर उडी मारली आहे. मध्ये ‘अर्धसत्य’ला एक ओळ मिळाली, तीही गुंड रामा शेट्टीचा गळा आवळणाऱ्या ओम पुरींपुरती. एवढ्यावर भागवण्यासारखा हा चित्रपट नाही.

गोविंद निहलानींच्या १९८३ च्या या चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग शेट्टीचा खून नाहीच. तो आहे कोठडीतला. दरोडेखोराला पकडल्याचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळतं आणि सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर (ओम पुरी) धुमसत राहतो. मग किरकोळ चोरीच्या संशयावरून आणलेला एक फाटका माणूस त्याच्या तावडीत सापडतो आणि मार खाऊन मरतो. आतापर्यंत ज्याच्या बाजूने आपण होतो, तोच हा माणूस! हा राग घरातूनच आलेला. वडील निवृत्त हवालदार, आईवर हात टाकणारे (अमरीश पुरींनी किती कमी बोलून ते उभे केलेत!), मुलाचं शिक्षण मोडून त्याला खात्यात ढकलणारे. शेट्टीकडे वेलणकर जातो तो न्याय करायला नव्हे, तर या मृत्यूवरून आलेल्या निलंबनातून सुटका मागायला. अपमान झाल्यावर त्याला मारतो आणि स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात जाऊन हजर होतो.

पुढच्या चित्रपटांनी यातला शेवट उचलला. १९९९ च्या ‘शूल’मधला पोलीस अधिकारी समर प्रताप सिंह भर विधानसभेत गुंड-पुढारी बच्चू यादवला गोळी घालतो. चित्रपट चांगलाच आहे, मनोज बाजपेयींबद्दल तर बोलायलाच नको. पण समरचं जे वाटोळं होतं ते दुसऱ्यांनी केलेलं असतं. त्याची मुलगी जाते, बायको जाते, त्याचे हात मात्र स्वच्छ राहतात. ‘दबंग’, ‘सिंघम’पर्यंत येताना तर मारहाण हीच शिट्ट्या-टाळ्यांची जागा झाली. कोठडीत कोणी निरपराध असू शकतो, हा प्रश्न तिथे कुणाला पडतच नाही.

प्रभाव धडपणे उतरला तो खलनायकात. शेट्टी रंगवणारे सदाशिव अमरापूरकर मराठी रंगभूमीवरून आले आणि आवाज न चढवता, जागचं न हलता दहशत कशी बसवायची ते दाखवून गेले. शेट्टी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो, तेव्हा पोलिसांनाच त्याचा बंदोबस्त सांभाळावा लागतो. गुंड आणि पुढारी एकाच खुर्चीत बसलेला तेव्हा नवा वाटला होता. आज त्याचं कुणाला नवल वाटतं?

आणखी एक. चित्रपटाचा कणा मराठी आहे, हे लेखात कुठेच नाही. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, आणि वेलणकर वाचतो ती चक्रव्यूहाची कविता दिलीप चित्र्यांची. कविता लोकांना पाठ आहे, तेंडुलकरांचं नाव निघतंच. पानवलकर मात्र श्रेयनामावलीत राहून गेले. त्यांच्या कथेत काय होतं आणि पडद्यावर येताना काय बदललं, यावर आपण कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं, ही विनंती.

– एक वाचक