खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातील वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एका पत्रलेखकांनी, हातात फोन असताना गाणी ऐकण्यासाठी वेगळा प्लेअर विकत घेणे म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय होय, असे मत मांडले होते. गेली तीन वर्षे असा एक प्लेअर रोज वापरत असल्यामुळे, आणि त्याआधी असाच एक घेऊन पस्तावल्यामुळे, मला त्या मताची दुसरी बाजू मांडावीशी वाटते. मात्र माझी खरी तक्रार त्या पत्रलेखकांविषयी नसून हे यंत्र बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या मंडळींविषयी आहे. ज्या गोष्टींवर या यंत्राचा उपयोग ठरतो, त्यांतली जवळपास एकही त्याच्या खोक्यावर छापलेली नसते.

मी नाशिक रोडहून कल्याणला पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा करणारी पासधारक आहे. इगतपुरी सोडली की घाट लागतो, बोगद्यामागून बोगदे येतात आणि इंटरनेटवरून वाजणारे गाणे एखाद्या तानेच्या मध्यावरच अडकून बसते. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवावीत, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. मी काही महिने तसे करून पाहिले. परंतु त्याच फोनवर कार्यालयाचे निरोप येतात, त्यावरच रिक्षाचे पैसे द्यायचे असतात आणि संध्याकाळी परतताना त्यात चार्जिंग शिल्लक असणे हा चैनीचा प्रश्न राहत नाही. शिवाय आलाप सुरू असताना दर दोन मिनिटांनी 'टिंग' वाजत असेल, तर ते ऐकणे नव्हे. बटणांचा छोटा प्लेअर पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात राहतो, न पाहता नुसत्या बोटाने थांबवता येतो आणि त्यावर कोणाचाही फोन येत नाही. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला, ॲपलचा आयपॉड २००१ साली आला आणि २०२२ साली बंद झाला, म्हणून या वस्तूचे दिवस संपले असा निष्कर्ष अनेकजण काढतात. पण आयपॉड चालू असतानाच, २०१७ साली, पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' बाजारात आला आणि घरोघरी ज्येष्ठांना भेट म्हणून दिला गेला, याचे कारण गाण्यांइतकेच त्याच्या मोठ्या, फिरवता आणि दाबता येणाऱ्या बटणांत होते, असे मला वाटते.

माझा पहिला प्लेअर मी महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून नऊशे रुपयांना घेतला. 'ताई, सगळं चालतं याच्यात,' एवढ्या एका वाक्यावर. मला त्यात मुख्यतः वडिलांच्या कॅसेटी भरायच्या होत्या. पंचवटीतील त्यांच्या भजनी मंडळाचे कार्यक्रम त्यांनी वीसेक वर्षे स्वतः टेपवर उतरवले होते. कॅसेट जितक्या मिनिटांची असते, तितकीच मिनिटे ती संगणकावर घ्यायला लागतात. त्यात घाई करता येत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटायची, पुन्हा बसायचे, मग अभंगांचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव द्यायचे, अशा पद्धतीने माझ्या दोन उन्हाळ्यांतले रविवार गेले. नावे अर्थातच मी देवनागरीत दिली. ती मेमरी कार्डावर भरून प्लेअर सुरू केला, तर पडद्यावर ओळीने चौकोनच चौकोन. एकशे सत्तर अभंग, आणि सगळ्यांचे नाव एकच: चौकोन, चौकोन, चौकोन.

हा दोष बिघाडाचा नव्हता. स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा रोमन आणि चिनी लिपीचा फाँट असतो. देवनागरीचा बसवलेलाच नसतो. काही यंत्रांत तो असतो, पण अक्षरे जोडण्याचे काम करणारा भाग नसतो. माझ्या आताच्या, अठराशे रुपयांच्या प्लेअरवर 'विठ्ठल' हा शब्द उमटतो तो असा की, 'व' आधी येतो, ऱ्हस्व वेलांटी त्याच्या मागून एकटीच येते, आणि 'ठ'चा पाय मोडून त्याच्याशेजारी दुसरा 'ठ' सुटा उभा राहतो. तरी वाचता येते, आणि एवढ्यावर मी समाधान मानले आहे. पण महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर मराठी नाव वाचता यावे यासाठी ग्राहकाने नशिबाची परीक्षा का पाहावी, हे मला समजत नाही. 'देवनागरी दिसते' किंवा 'दिसत नाही', एवढे दोन शब्द खोक्यावर छापायला किती शाई लागणार आहे?

नावाखालोखाल त्रास क्रमाचा. पुष्कळ स्वस्त प्लेअर फाइली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, तर त्या कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. त्यामुळे आमच्या भजनाची सुरुवात पसायदानाने झाली आणि 'जय जय राम कृष्ण हरी' सर्वांत शेवटी आले. यावरचा उपाय साधा पण कंटाळवाणा आहे: कार्ड रिकामे करायचे, प्रत्येक फाइलच्या नावाआधी आकडा घालायचा आणि त्या क्रमाने फाइली पुन्हा भरायच्या. आकडाही १, २, ३ असा न घालता ००१, ००२ असा घालावा. कारण जे प्लेअर नावाप्रमाणे क्रम लावतात, त्यांतले बरेच १ नंतर थेट १०कडे जातात. दुकानात पेन ड्राइव्हमध्ये किंवा कार्डात 'गाणी भरून मिळतील' असे फलक असतात. तेथे भरून घेतलेल्या गाण्यांची तर आणखी एक गंमत अशी की, पडद्यावर गायकाच्या नावाच्या जागी कुठल्याशा फुकट्या संकेतस्थळाची जाहिरात सरकत राहते, कारण फाइलच्या आतील टॅगमध्ये, म्हणजे गाण्याच्या माहितीच्या रकान्यात, तीच लिहिलेली असते.

तिसरी गोष्ट मी खरेदीच्या वेळी विचारलीसुद्धा नव्हती, आणि तीच आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ते जेथे थांबले तेथूनच वाजते का? जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, आणि चित्रपटगीते आजही त्याच्या आसपासच घुटमळतात. हे प्लेअर बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेवढेच गाणे असते. परंतु आपल्याकडे तासभराचे कीर्तन ऐकणारा आणि पाऊण तासाचा ख्याल ऐकणारा श्रोता आहे. माझ्या पहिल्या प्लेअरने मला एका कीर्तनाचा पूर्वरंग निदान पंधरा वेळा ऐकवला. उत्तररंगापर्यंत पोहोचण्याआधी काही ना काही कारणाने तो बंद करावा लागे, आणि संध्याकाळी सुरू केला की पुन्हा नमनापासून. पुढे ढकलण्याचे बटण दाबून धरावे तर ते पाच-पाच सेकंदांनी सरकत असे.

साठवणुकीच्या आकड्यांवर मात्र फार वेळ घालवण्याचे कारण नाही. एमपी३ फाइल १२८ केबीपीएसने (गाण्याच्या दर सेकंदाला किती माहिती साठवायची, त्याचे हे माप) केली तर एका मिनिटाला साधारण एक मेगाबाइट लागतो, ३२० केबीपीएसने केली तर सुमारे अडीच. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात चांगल्या प्रतीचीही दोनशे तासांहून अधिक गाणी बसतात, आणि तेवढे ऐकायला माझ्यासारखीला दोन-तीन महिने लागतील. ६४ जीबी किंवा त्याहून मोठे कार्ड बहुधा एक्सफॅट या, कार्डावर फाइली मांडण्याच्या नव्या पद्धतीने तयार केलेले येते आणि अनेक स्वस्त प्लेअरना फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत समजते. मग पडद्यावर 'कार्ड एरर' येते आणि माणूस चांगले कार्ड खराब समजून परत करायला निघतो. उलट, खरोखरच खोटी कार्डेही बाजारात असतात. वर १२८ जीबी छापलेले असते, संगणकही तेवढेच दाखवतो, पण प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबी भरल्यानंतर पुढच्या फाइली नुसत्या नावापुरत्या उरतात. नवे कार्ड आणले की ते एकदा काठोकाठ भरून, शेवटची फाइल वाजवून पाहावी.

'लॉसलेस' आणि 'हाय-फाय' हे शब्द खोक्यावर ठळक असतात, त्यांना मी गाडीत तरी किंमत देत नाही. फ्लॅक फाइलमध्ये मूळ ध्वनीतले काही गळत नाही, हे खरे. परंतु तीच फाइल ब्लूटूथच्या इअरफोनवर ऐकली की वाटेत ध्वनीची माहिती बहुधा दाबून लहान केली जाते आणि त्यात काही गळतेच, आणि वायरीच्या इअरफोनवर ऐकली तरी रुळांचा खडखडाट उरतोच. कानात नीट घट्ट बसणारे चांगले इअरफोन त्यापेक्षा अधिक काम करतात, कारण बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आणि ९० डेसिबलला केवळ ४ तास, अशी आहे. रोज पाच-सहा तास गाडीत काढणाऱ्या आम्हा मंडळींनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवलेला बरा. जाता जाता: आकाशवाणीचे नाशिक केंद्र ज्यांना प्लेअरवर ऐकायचे असेल, त्यांनी वायरीचे इअरफोन जवळ ठेवावेत, कारण एफएमसाठी ती वायरच एरियलचे काम करते.

आता तक्रारीचा कायदेशीर भाग. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार अशा वस्तूच्या वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, किरकोळ विक्रीची कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि ग्राहकाने संपर्क कोठे साधावा याचा तपशील असणे बंधनकारक आहे. लिथियम बॅटरीसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीही सक्तीची आहे. माझ्या पहिल्या प्लेअरच्या खोक्यावर यातले काहीही नव्हते. होते ते केवळ नाचणाऱ्या मुलीचे चित्र. सात महिन्यांत बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले, तेव्हा दुकानदारांनी 'चायना माल आहे, त्याला गॅरंटी नसते' असे अगदी शांतपणे सांगितले. माझ्याजवळ पावती नव्हती, कारण मी ती मागितली नव्हती, आणि म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावण्याचाही मला धीर झाला नाही. चूक माझीही होती, हे मी मान्य करते. ती फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकण्याचा मोह मात्र मी टाळला. अशी बॅटरी कचऱ्यात दाबली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

दुसऱ्या खेपेस मी स्वतःचे कार्ड घेऊनच दुकानात गेले. त्यात तीनच फाइली होत्या: एक देवनागरी नावाची, एक तासाभराच्या कीर्तनाची आणि एक फ्लॅक. दोन दुकानदारांनी सील तोडायला नकार दिला, तिसऱ्यांनी कुरकुरत का होईना खोके उघडले आणि मी तेथेच खरेदी केली. तो प्लेअर आजही चालू आहे. त्याच्या जॅकमध्ये, म्हणजे इअरफोन लावायच्या भोकात, पर्समधला कचरा जाऊन एक कान बंद होतो, तेव्हा बंद प्लेअरमधला कचरा लाकडी काडीने हलकेच काढते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीने तो चार्जच होत नाही, त्यासाठी एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेलीच वायर लागते, हे समजेपर्यंत मी त्याला बिघडलेला समजून आठवडाभर कपाटात ठेवले होते. बॅटरी पूर्ण संपू देत नाही, आणि दिवाळीच्या सुटीत तो पडून राहणार असेल तर निम्मा चार्ज करून ठेवते.

शहरातील विक्रेत्यांच्या संघटनेने निदान एवढे ठरवावे, अशी आपल्यामार्फत विनंती आहे की, या यंत्राचा एक नमुना काउंटरवर उघडा ठेवला जाईल आणि ग्राहकाला आपले कार्ड घालून तो दोन मिनिटे वाजवून पाहता येईल. आणि दोन हजार रुपयांच्या आत 'विठ्ठल' हा शब्द नीट जोडाक्षरासह दाखवणारा प्लेअर आपल्या वाचकांपैकी कोणाला मिळाला असेल, तर त्यांनी याच सदरात जरूर कळवावे. वडिलांच्या आणखी चाळीस कॅसेटी उतरवायच्या राहिल्या आहेत.

आपली नम्र,
एक पासधारक वाचक,
जेल रोड, नाशिक रोड