तुझी ईद अर्धी नव्हती

जाफरनगर, नागपूर
४ एप्रिल २०२५

लाडक्या बेटीस,

अस्सलामु अलैकुम आणि खूप खूप दुआ.

परवा आखेनहून तुझा फोन आला, तो ठेवता ठेवता तू म्हणालीस, "सगळं छान झालं अम्मी, पण ईदसारखी ईद नाही वाटली." ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. घरात आपलं बोलणं हिंदी-उर्दूत, तुझी नानी होती तेव्हा वऱ्हाडीतही; पण मनातलं कागदावर उतरवायचं तर मला मराठीच हाताशी येते. आयुष्यभर वर्गात तीच शिकवली.

तुला काय काय कमी वाटलं असेल ते मला कळतं. चाँदरातची मोमिनपुऱ्यातली गर्दी नाही, बांगड्यांची दुकानं नाहीत, पहाटे अब्बांची अत्तराची बाटली नाही, ईदीसाठी मागं लागणारी चुलतभावंडं नाहीत. शिवाय ईद आली ती नेमकी रविवारी. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे तू सांगितलंस तेव्हा मला कळलं. शनिवारी संध्याकाळी चंद्राची खबर आली आणि तू दुधासाठी दुकान बंद व्हायच्या आत धावलीस! तुझी तुर्की मैत्रीण मात्र निवांत होती, कारण त्यांची तारीख गणितानं आधीच ठरलेली असते. आपण इथं रविवारी संध्याकाळी गच्चीवर उभे राहून चंद्र पाहिला आणि सोमवारी, ३१ तारखेला ईद केली. रोजे मात्र दोन्हीकडे एकोणतीसच झाले, कारण तुमचा रमजानही एक दिवस आधी लागला होता. त्यात शनिवारच्याच रात्री उन्हाळी वेळेसाठी तिकडची घड्याळं तासभर पुढं गेली, म्हणजे ईदच्या पहाटेची तुझी एक तास झोपही गेली.

पण बेटा, त्या सकाळचं तू जे सांगितलंस त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मला आजवर मिळालेली नाही. तू ईदची नमाज जमातीत पढलीस. मशिदीत, ओळीत, खांद्याला खांदा लावून. आपल्या घरात ईदच्या सकाळी पुरुष ईदगाहकडे निघतात आणि आम्ही बायका स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ नये म्हणून उभ्या असतो. ते काम मी प्रेमानं केलंय, त्याबद्दल कुरकूर नाही. पण तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर'चा घोष, कानावर येते ती लांबच्या भोंग्यातून, आणि नमाजनंतरची गळाभेट पुरुष घरी परतल्यावर आम्ही करतो. तू मला सांगत होतीस की शेजारी एक सोमाली आजी होती, तिनं सलाम फिरवल्यावर तुझं तोंड दोन्ही हातांत धरलं. हे ऐकताना मी तुझ्या अब्बांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बायकांची सोय असलेली मशीद शोधू या, जाऊ या दोघं." तुझ्या एका फोनमुळे आपल्या घरात एवढं झालं. ही ईद अर्धी कशी?

तकबिरींचा गोंधळ झाला, नमाज चुकली की काय, असं तू विचारलंस. नाही चुकली. आपण हनफी पद्धतीचे, आपल्याकडे ईदच्या नमाजेत जादाच्या सहा तकबिरी असतात. शाफई पद्धतीत त्या बारा: पहिल्या रकातीत सात, दुसरीत पाच. तुझी इंडोनेशियाची मैत्रीण शाफई, म्हणून ती बरोबर मोजत होती आणि तू हात बांधून पुढच्याची वाट पाहत होतीस. इमामाच्या मागं उभं राहिलं की त्याच्याबरोबर चालायचं, एवढंच. इतक्या देशांची माणसं एका छताखाली असल्यावर असं होणारच. आखेनची ती बिलाल मशीद साठच्या दशकात परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनीच उभी केली. तुझ्यासारखीच घरापासून लांब असलेली पोरं होती ती. त्यांनाही पहिल्या ईदला घर आठवलं असेल, आणि त्यातूनच आपल्यामागून येणाऱ्यांसाठी त्यांनी जागा करून ठेवली.

आता इकडचं. मार्चमध्ये तुझ्या परीक्षा होत्या म्हणून फोनवर मी फार बोलले नाही. १७ मार्चच्या रात्री आपल्या शहरातल्या महाल भागात जे झालं ते तू बातम्यांत पाहिलंसच. गाड्या जळाल्या, दगडफेक झाली, माणसं जखमी झाली, एक जण नंतर वारला. तहसील, कोतवाली, गणेशपेठ भागातली संचारबंदी उठायला २३ तारीख उजाडली. रमजानच्या ऐन मध्यात बाजार बंद. रोज मजुरीवर जगणारे, हातगाडीवाले, मग ते कोणत्याही गल्लीतले असोत, त्यांचे हाल पाहून जीव तुटत होता. जाफरनगर शांत होतं, तरी मगरिबच्या वेळी रस्ता इतका सुनसान व्हायचा की इफ्तारचा घास उतरत नव्हता. १८ तारखेला सकाळी समोरच्या काकू फाटकाशी आल्या. "दूध, भाजी काही आणायचं आहे का? आमचे हे निघालेत." दुसरं काही बोलल्या नाहीत. ३० तारखेला पाडवा होता, त्या श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या. मी रोज्यात होते, म्हणून इफ्तारला खाल्लं. दुसऱ्या दिवशी आपला शिरखुर्मा त्यांच्याकडे गेला, तो नेहमीसारखा. यंदा ते नेहमीसारखं होणंच मला फार मोठं वाटलं.

म्हणून तू पाठवलेला तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहते. पुण्याच्या तुझ्या रूममेटनं खिडकीत काठीला साडीचा तुकडा बांधून गुढी उभी केलीय, आणि तिच्याखालच्या टेबलावर तुझी शिरखुर्म्याची पातेली. तिनं चक्क्यासारखं तिकडचं क्वार्क घेऊन श्रीखंड केलं, तू तुर्की दुकानातल्या शेवया तुपात परतल्यास, इंडोनेशियाच्या मुलीनं केतुपातचा भात झावळीच्या विणलेल्या पुड्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत शिजवला. पाडवा आणि ईद एकाच रविवारी, एकाच टेबलावर. इथं आमच्या शहरात त्या दोन सणांमध्ये यंदा किती धाकधूक होती, ते तुला तिकडून दिसलं नसेल. मला मात्र त्या टेबलाकडे पाहून रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

शिरखुर्म्यात चारोळी नव्हती, ही तुझी तक्रार मान्य. चारोळीशिवाय आपला शिरखुर्मा होत नाही. मी डी.एड.ला नागपुरात वसतिगृहात होते, तेव्हा एका ईदला परीक्षा आली आणि गावी जाता आलं नाही. खोलीतल्या बाकीच्या कुणालाही ईद म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. त्याच खोलीतल्या माझ्या मैत्रिणीनं, गडचिरोलीच्या तुझ्या मावशीनं, तिच्या पत्र्याच्या पेटीतून मूठभर चारोळी काढून दिली. तिच्या आईनं जंगलातून वेचून, फोडून ठेवलेली. मावशी तेव्हापासून आपल्याकडे ईदला येते आणि हात रिकामा ठेवून येत नाही. यंदाही आणली. त्यातली अर्धी मी तुझ्यासाठी बाजूला काढलीय.

एक सांगायचंय, ते आईचा हुकूम समज. फितरा, गरिबांसाठीचं ईदचं दान, तू नमाजेच्या आधीच मशिदीत दिलास, बरं केलंस. माणशी पावणेदोन-दोन किलो गव्हाची किंमत आपण देतो, ती नमाजेच्या आधी, कारण त्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड राहू नये. आखेनमध्ये तुझ्या आसपास उपाशी कुणी नसेल. पण ज्याला ईदला जायला घरच नाही, असं कुणी असेलच. नवा आलेला सीरियन मुलगा, ज्याच्याशी वर्गात कुणी बोलत नाही, त्याचा तू उल्लेख केला होतास. त्याला का नाही बोलावलंस, म्हणून रागावत नाहीये. पुढच्या वेळी बोलाव. तुझ्या खोलीत खुर्च्या कमी असतील तर जमिनीवर बसा. आपल्याच भाषेच्या, आपल्याच चवीच्या माणसांत ईद करणं सोपं असतं, आणि त्यात मन लवकर रमतं हेही खरं. तरी दार बाहेरच्यासाठी उघडं हवं. आपल्या नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा, त्यांना वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं ते रघुजीराजे भोसल्यांनी, हे तुला लहानपणी ताजबागेत जाताना अब्बा सांगायचे. यंदा ऑगस्टमध्ये बाबांना जाऊन शंभर वर्षं होतील. उर्साची गर्दी मोठी असेल; तुझ्या नावानं चादर चढवू.

बकरीईद जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल. कुर्बानीचे पैसे पाठवू नकोस, अब्बा इथंच तुझ्या नावाचा हिस्सा घेतील. तिकडच्या कायद्यात ते सगळं जमवणं तुला अवघड जाईल. त्या दिवशी कामाचा वार असला तर प्राध्यापकांना आधीच मेल कर, नमाजेपुरती सकाळ मोकळी मिळेल.

तुझी वर्गमैत्रीण मे महिन्यात नागपूरहून परत निघतेय, तिच्याजवळ चारोळी, खारीक आणि तुझा पिवळा दुपट्टा देते. चारोळी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव, बाहेर ठेवली तर खवट होईल. शेवया परतताना आच मंद ठेव आणि दूध आधी आटवून घे. फोटोत ते पातळ दिसत होतं. आता साडेतीनच तासांचं अंतर आहे, रविवारी तुझ्या नाश्त्याच्या वेळी फोन कर, अब्बाही घरी असतील.

तुझी,
अम्मी